पहिली-दुसरीच्या मुलांना मधली सुट्टी किती मिळायला हवी? (मुंबईतल्या शाळा)

रानजाई

मुलगा दुसरीत आहे. शाळा गोरेगावची, राज्य मंडळाची. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असा शासनाचा निर्णय फेब्रुवारी 2024 मध्ये आला आणि आमची शाळा नऊला भरायला लागली. मुलांची झोप पूर्ण होते, त्याबद्दल मी खरंच समाधानी आहे. पण शाळा सुटायची वेळ फार पुढे ढकलता आली नाही, कारण त्याच इमारतीत वरचे वर्ग भरतात आणि बसच्या फेऱ्या ठरलेल्या आहेत. मग कात्री लागली ती सुट्टीला.

आत्ताचं वेळापत्रक असं आहे: 9 ते 2.25. पहिली पंधरा मिनिटं प्रार्थना आणि हजेरी. मग 35 मिनिटांच्या आठ तासिका. 10.25 ला दहा मिनिटांची छोटी सुट्टी आणि 12.20 ला वीस मिनिटांची मोठी सुट्टी. पूर्वी मोठी सुट्टी अर्ध्या तासाची होती.

डबा रोज अर्धा परत येतो. भाजी आवडली नाही म्हणून असेल असं धरून मी बरेच दिवस भाज्या बदलत राहिले. शेवटी त्यालाच नीट विचारलं. तो म्हणाला, "सगळं खाल्लं तर खेळायला मिळत नाही ना." म्हणजे खायचं की खेळायचं, हे सात वर्षांच्या मुलाला रोज साडेबाराला ठरवावं लागतंय. तो खेळ निवडतो, आणि मला त्यात त्याचं काही चुकतंय असं वाटत नाही.

तुमच्याकडे सुट्टी किती आहे? किती असायला हवी? आणि हे शाळेशी कसं बोलायचं? तावातावाने नको, पण ठामपणे बोलायचं आहे. पालक-शिक्षक संघाची सभा पुढच्या महिन्यात आहे.

सातवा_मजला

मुलुंड. मुलगी तिसरीत. एकच सुट्टी, तीस मिनिटांची. पहिली पंधरा मिनिटं कोणीही जागेवरून उठायचं नाही असा नियम आहे. त्यानंतर दुसरी घंटा होते आणि मगच मैदान उघडतं. डबा रिकामा येतो. आधी उठून उपयोगच नसल्यामुळे घाई कोणीच करत नाही.

घड्याळवाला

माझं मत वेगळं आहे, रागावू नका. वीस मिनिटं कमी नाहीत. वीस मिनिटांत पोळी-भाजी खाऊन होते. घरी टीव्हीसमोर तासभर जेवणारी मुलं शाळेत अडतात, त्याचा दोष वेळापत्रकाला का द्यायचा? दुसरं म्हणजे, आम्ही दोघं नोकरी करतो आणि व्हॅन तीन वाजता सोसायटीच्या गेटवर येते. सुट्टी वाढवून शाळा अर्धा तास उशिरा सुटली तर सांभाळणाऱ्या ताईंची पुढची कामं, क्लास, सगळंच कोलमडतं. मुंबईत अर्धा तास ही लहान गोष्ट नाही.

शाळाबाई

मी परळ भागातल्या एका अनुदानित शाळेत पहिलीला शिकवते. घड्याळवाला दादा, वीस मिनिटं म्हणजे प्रत्यक्षात किती, ते वर्गात उभं राहिल्यावर कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

घंटा होते तेव्हा मुलांच्या हातात पेन्सिल असते. वही दप्तरात जायला आणि डब्याची पिशवी बाहेर यायला दोन-तीन मिनिटं लागतात. मग हात धुणं. एका मजल्यावर चार वर्ग, नळ मोजके, त्यातला एखादा हमखास बंद. रांग लागते. ज्यांना शूला जायचं असतं तेही त्याच वेळी जातात, आणि मुलींची रांग नेहमीच लांब. शेवटचं मूल हात धुऊन जागेवर येतं तेव्हा सात-आठ मिनिटं गेलेली असतात. सुट्टी संपायच्या दोन मिनिटं आधी पहिली घंटा होते. तेव्हा डबे बंद करायचे, सांडलेलं उचलायचं, पाणी प्यायचं. उरतात दहाएक मिनिटं.

आता त्या दहाएक मिनिटांत काय होतं ते सांगते. सहा वर्षांच्या मुलाला चारही बाजूंनी खटके असलेला डबा उघडत नाही. पाच-सहा मुलं डबे घेऊन माझ्यापाशी उभी असतात. दुधाचे दात पडायचं हेच वय, त्यामुळे पुढचे दोन दात नसलेली मुलं गाजराचा तुकडा तोंडात इकडून तिकडे फिरवत बसतात. कोणाला भाजी पोळीत धरून घास करता येत नाही, कारण घरी अजून भरवलं जातं. आणि मुलं बोलतात! बोलायला हवंच त्यांनी. तीन तास गप्प बसवल्यावर शेजारच्याला काल मामाकडे काय झालं हे सांगायची तीच तर वेळ असते. मी वर्गात "बोलू नका, पटापट खा" असं म्हणणं सोडून दिलंय. ते म्हणताना फार वाईट वाटायचं.

सुट्टीनंतरच्या तासिकेत कोण खाऊन आलंय आणि कोण नाही, ते मला डबा न बघता कळतं. अर्धपोटी मूल बाकावर डोकं टेकतं, किंवा उगाच शेजाऱ्याला टोचत राहतं. खाल्लंय पण खेळायला मिळालं नाही ते मूल खुर्चीवर टिकतच नाही. दोन्ही झालेली मुलं तासिकेत गणितं सोडवतात. पालकांनी एकदा वर्गाच्या दाराशी उभं राहून हे बघावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

आणि शिक्षकांचंही सांगते. त्याच वीस मिनिटांत आम्हीही जेवतो. बहुतेक दिवस उभ्यानेच.

पानफुटी

शाळाबाई, प्रतिसाद वाचून डोळे भरून आले. माझी मुलगी सकाळी भरून दिलेली पाण्याची बाटली जशीच्या तशी परत आणते. तिचं म्हणणं, पाणी प्यायलं की शू लागते आणि शूला गेलं की सुट्टी संपते. याबद्दल डॉक्टरांनी कोणी लिहिलं तर बरं होईल.

बालडॉक_बोरिवली

पानफुटी, लिहितो. मी बालरोगतज्ज्ञ आहे. पाणी कमी पिणं आणि लघवी रोखून धरणं या सवयींमुळे बद्धकोष्ठता आणि लघवीचा संसर्ग झालेली शाळकरी मुलं, विशेषतः मुली, दवाखान्यात नेहमी येतात. औषध देऊन संसर्ग बरा होतो, पण शाळेतला दिवस तोच राहिला तर तो पुन्हा होतो. म्हणून मी पालकांना सांगतो की शिक्षकांशी बोला आणि मुलीला तासिका चालू असतानाही जाऊ द्या अशी परवानगी मागून घ्या. केरळातल्या शाळांनी 2019 मध्ये पाणी पिण्यासाठी दिवसातून ठरावीक वेळा वेगळी घंटा वाजवायला सुरुवात केली, नंतर इतर राज्यांनीही ते उचललं. त्याला खर्च शून्य आहे.

आता खाण्याबद्दल. सहा-सात वर्षांच्या मुलाचं पोट लहान, एका वेळी मावतं कमी आणि धावपळ भरपूर. या वयाला साधारण तीन तासांनी काहीतरी लागतंच. नुसतं दूध पिऊन सव्वाआठला घर सोडलेल्या मुलासाठी साडेदहाचा खाऊ ही खरं तर न्याहारी असते, आणि तिला दहा मिनिटं फारच अपुरी आहेत. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही दुपारच्या जेवणाच्या जोडीला सकाळी साधी पौष्टिक न्याहारी द्यावी असं सुचवलंय, कारण सकाळच्या वेळेत मुलांना अवघड विषय चांगले समजतात, पण पोटात काही असेल तर.

किती वेळ हवा, याचं उत्तर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या, म्हणजे सीडीसीच्या, शिफारशींत स्पष्ट सापडतं. प्राथमिकच्या मुलांना जेवायला जागेवर बसल्यानंतर किमान वीस मिनिटं आणि त्याशिवाय मोकळ्या खेळाला किमान वीस मिनिटं. रांगेचा, हात धुण्याचा वेळ त्यात धरत नाहीत. आपल्याकडे वीस मिनिटांत रांग, जेवण, पाणी, शू आणि खेळ अशा पाच गोष्टी बसवतो. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला सरासरी साठ मिनिटं चांगली दमछाक होईल अशी हालचाल सांगते. टॉवरमध्ये राहणारी, व्हॅनने जाणारी-येणारी, संध्याकाळी क्लासला बसणारी मुलं ती साठ मिनिटं आणणार कुठून?

एक सोपी गोष्ट शाळांना सुचवून बघा: आधी खेळ, मग जेवण. आधी खेळलेली मुलं भुकेली आणि शांत होऊन बसतात, मैदानाची ओढ संपलेली असते, त्यामुळे डबा अर्धा टाकून पळायचं कारण उरत नाही. अमेरिकेत काही शाळांनी हा क्रम उलटा करून पाहिला तेव्हा मुलांच्या ताटातली फळं-भाज्या जास्त संपल्या. हात मात्र खेळल्यानंतर साबणाने धुवायला हवेत.

हिशेबनीस

घड्याळवाला यांची अडचण खरी आहे. शाळा उशिरा सुटणं बऱ्याच घरांना परवडणार नाही. पण शाळेची वेळ न वाढवताही सुट्टी वाढू शकते, आकडे मांडून दाखवतो.

शिक्षण हक्क कायदा, 2009 च्या अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन सांगितलंय. (सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास.) 800 भागिले 200, म्हणजे दिवसाला चार तास, 240 मिनिटं. रानजाई यांच्या शाळेत आठ तासिका गुणिले 35, म्हणजे 280 मिनिटं शिकवणं चालतं. किमान गरजेपेक्षा रोज चाळीस मिनिटं जास्त.

आता प्रत्येक तासिका फक्त तीन मिनिटांनी कमी करा. 32 गुणिले 8, म्हणजे 256 मिनिटं. 200 दिवसांत 853 तास भरतात, कायद्याच्या वरच. आणि रोज 24 मिनिटं सुटतात. आताच्या 30 मध्ये ती मिळवली की 54. पंधरा मिनिटांची खाऊची सुट्टी आणि 39 मिनिटांची मोठी सुट्टी, त्यात वीस जेवायला आणि उरलेली खेळायला. शाळा 2.25 लाच सुटते. व्हॅन तीनलाच येते.

घड्याळवाला

हिशेबनीस, हिशेब पटला. शाळा तेवढ्याच वेळात सुटणार असेल तर माझा विरोध उरत नाही. पण 200 दिवस कागदावरचे. अतिवृष्टीची सुट्टी, निवडणुकीला शाळेत मतदान केंद्र, शिक्षक जनगणनेला नाहीतर निवडणुकीच्या कामाला. हे सगळं वजा केल्यावर 853 चे 800 तरी राहतील का? अभ्यासक्रम राहिला की घरी आम्हालाच घ्यावा लागतो.

हिशेबनीस

रास्त मुद्दा. 256 मिनिटांच्या दिवसांनी 800 तास पूर्ण व्हायला 188 दिवस लागतात. म्हणजे बारा दिवस बुडाले तरी तास भरतात. आणि बऱ्याच शाळांचे कामाचे दिवस मुळातच 200 पेक्षा जास्त असतात, शाळेच्या वार्षिक नियोजनात बघून घ्या. दिवसांची किमान संख्या भरायची अट वेगळी, ती कशीही पाळावीच लागते.

निवृत्त_मुख्याध्यापक

नमस्कार मंडळी. गिरगावात आयुष्य गेलं, त्यातली बरीच वर्षं वेळापत्रक आखण्यात गेली. दोन-तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

मुंबईतल्या जुन्या शाळांची अडचण जागेची. एकच इमारत, सकाळी एक अधिवेशन, दुपारी दुसरं. दोन्हींच्या मध्ये जिने रिकामे होऊन वर्ग झाडून व्हायला जेमतेम पंधरा-वीस मिनिटं. त्यामुळे मुख्याध्यापक "वेळ वाढवता येत नाही" म्हणतात तेव्हा ते टाळाटाळ करत असतात असं समजू नका. पण तासिका किती मिनिटांची ठेवायची हे मात्र बहुतेक ठिकाणी शाळेच्या हातात असतं, आणि हिशेबनीस यांनी दाखवलेली वाट चालण्यासारखी आहे. माझा अनुभव असा की लहान वर्गात पस्तिसाव्या मिनिटाला काहीच शिकून होत नसतं. शेवटची पाच मिनिटं बाई मुलांना जागेवर ठेवण्यातच घालवतात. तीन मिनिटं कमी झाली म्हणून एकाही मुलाचा पाठ मागे राहणार नाही.

दुसरी गोष्ट मैदानाची. सगळी शाळा एकदम सुटली तर पहिलीची मुलं मैदानावर जातच नाहीत, सातवीच्या मुलांच्या धक्क्यांना घाबरून जिन्यातच उभी राहतात. पहिली-दुसरीची सुट्टी पंधरा मिनिटं आधी ठेवायची. मैदान तेच, नळ तेच, पण गर्दी निम्मी. मुतारीची रांगही निम्मी. वेळ न वाढवता मुलांना मिळणारा वेळ यातून वाढतो. घंटेचा गोंधळ होईल असं शिक्षक म्हणतात. आठवड्यात सवय होते.

तिसरी, देखरेखीची. सुट्टीत मूल पडलं की पालक शाळेत येतात, आणि चूक कोणाची हा प्रश्न पहिला येतो. त्या भीतीने कितीतरी शाळांनी धावायलाच बंदी केली आहे. मोठी सुट्टी हवी असेल तर पालकांनीही शाळेला हा विश्वास द्यायला हवा की खेळताना गुडघा फुटणारच, त्यावरून आम्ही भांडायला येणार नाही. शिक्षकांनी पाळीपाळीने मैदानावर थांबायचं आणि ज्यांची पाळी त्यांना पुढची तासिका मोकळी द्यायची, म्हणजे शाळाबाईंना बसून जेवता येईल.

कंदील_चौथा

मुख्याध्यापक सर, गुडघ्याचं शंभर टक्के खरं. आमच्या सोसायटीतही तेच, पाटी लावलीय की खेळू नये. मुलांनी जायचं कुठे? मुंबईत माणशी मोकळी जागा दोन चौरस मीटरही भरत नाही. काही मुलांना अख्ख्या दिवसात आकाशाखाली धावायला मिळतं ते फक्त मोठ्या सुट्टीत. निदान तेवढं तरी कापू नका.

नेत्रसखी

कंदील_चौथा यांनी आकाशाचा उल्लेख केला म्हणून लिहिते. डोळ्यांच्या विभागात काम करते. चष्मा लागायचं वय खाली आलंय हे आम्ही रोज बघतो. दिवसाच्या उजेडात बाहेर घालवलेला वेळ लांबचं अंधुक दिसण्यापासून, म्हणजे मायोपियाच्या नंबरापासून, मुलांना बऱ्यापैकी वाचवतो, यावर आता चांगलं संशोधन आहे. तैवानमध्ये एका शाळेने मधल्या सुट्टीत मुलांना वर्गात थांबूच दिलं नाही, सगळ्यांना बाहेर पाठवलं. वर्षाअखेरीस तिथे नव्याने नंबर लागलेल्या मुलांचं प्रमाण शेजारच्या शाळेच्या निम्म्याच्या आसपास होतं. 2013 मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या सरकारनेही मुलांनी दिवसाला 120 मिनिटं बाहेर असावं अशी मोहीम चालवली आहे.

मैदान मोठं नसलं तरी चालेल. गच्ची, शाळेचं पटांगण, झाडाखालची फरशी, काहीही. ट्यूबलाइटखाली बसलेल्या मुलाला जो उजेड मिळतो, त्याच्या कितीतरी पट उजेड सावलीत उभ्या असलेल्या मुलाला मिळतो.

मनपा_शिक्षिका

माझी शाळा महापालिकेची, पूर्व उपनगरातली. आमच्याकडे डब्याऐवजी पोषण आहार असतो. पहिली ते पाचवीच्या मुलाला 450 कॅलरी आणि 12 ग्रॅम प्रथिनं, त्यासाठी 100 ग्रॅम तांदूळ, असं प्रमाण ठरलेलं आहे. खिचडी गरम असते, मोठ्या डब्यांतून येते. ताटं मांडायची, वाढायचं, लहानांना जपून द्यायचं. शेवटच्या रांगेतल्या मुलाच्या ताटात खिचडी पडते तेव्हा पहिल्या रांगेतली मुलं उठलेली असतात. मग शेवटचं मूल तोंड भाजत गिळतं नाहीतर टाकून पळतं. आमच्या कितीतरी मुलांचं ते दिवसातलं पहिलं जेवण असतं. घरची माणसं पहाटे कामाला गेलेली असतात, मूल पाव-चहावर आलेलं असतं. त्यांच्यासाठी ही सुट्टी पोटाची आहे, ती घाईत उरकावी लागते याचं मला रोज दुःख होतं.

आमच्या मुख्याध्यापकांनी एक केलं. वाढायचं काम सुट्टीच्या घंटेआधी सुरू होतं, आणि पहिल्या रांगेचा क्रम रोज बदलतो. काल शेवटी बसलेले आज पुढे. एवढ्यानेच उरलेली खिचडी खूप कमी झाली.

इथे डब्यांची चर्चा चाललीय, पण शहरातल्या लाखो मुलांना शाळेतच वाढलं जातं. किती मिनिटं द्यायची हे ठरवताना त्यांचाही विचार व्हावा.

रानजाई

मनपा_शिक्षिका, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं झालं. सभेत मी आमच्याच शाळेचं बोलेन, पण वाढण्याचा क्रम बदलण्याची कल्पना इतरांनाही सांगेन.

एक विचारायचं राहिलं. गृहपाठ अपुरा असला की मुलांना सुट्टीत वर्गात बसवून तो पूर्ण करून घेतात. माझ्या मुलाच्या वर्गात तीच ती तीन-चार मुलं रोज बसलेली असतात. यावर काय म्हणायचं?

बालडॉक_बोरिवली

स्पष्ट नाही म्हणायचं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2013 मध्ये यावर निवेदनच काढलं आहे: शिक्षा म्हणून किंवा अभ्यासासाठी मुलांची सुट्टी काढून घेऊ नये. पीटीची तासिका आहे म्हणून सुट्टीची गरज नाही, हेही त्यांनी अमान्य केलंय. पीटीत शिक्षक सांगतील ते करायचं असतं. सुट्टीत मुलं स्वतः खेळ ठरवतात, राज्य कोणावर यावरून भांडतात, मिटवतात. ते त्यांना दुसरीकडे कुठेच शिकायला मिळत नाही. आणि जी तीन-चार मुलं रोज बसतात, बहुतेक वेळा त्यांनाच धावण्याची सगळ्यात जास्त गरज असते.

शाळाबाई

डॉक्टरांशी सहमत. आमच्या शाळेत हे बंद केलंय. अपुरा गृहपाठ मी प्रार्थनेनंतर हजेरीच्या वेळी शेजारी बसवून करून घेते, पाच मिनिटांत होतो. सुट्टीला हात लावत नाही.

चवळीची_शेंग

डब्याबद्दल थोडं, कारण शाळा बदलेपर्यंत मुलांनी जेवायला तर हवं. वेळ कमी असेल तर डबा हाताने पटकन खाता येईल असा द्या. पोळी-भाजी वेगळी देण्याऐवजी गुंडाळी करून दोन तुकडे. धिरडं, इडली, थालीपिठाचे चतकोर, पराठ्याच्या पट्ट्या. संत्रं सोलून, केळं मात्र सालासकट. मोड आलेली उसळ पौष्टिक खरी, पण लहान मूल ती दाणा-दाणा खातं, ती रात्रीच्या जेवणात ठेवा. छोट्या सुट्टीला राजगिऱ्याची वडी, शेंगदाणा चिक्की, खजूर, भाजलेले चणे. झाकण एका हाताने उघडणारं घ्या आणि घरी मुलाकडून स्वतः उघडून घ्या. वेफर्स आणि बिस्किटांचे पुडे टाळाच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार जास्त साखर, मीठ, चरबीचे पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरपर्यंत विकायलाही मनाई आहे.

पानफुटी

चवळीची_शेंग, गुंडाळीची कल्पना उद्यापासून सुरू. पण वेळ वाढायलाच हवा, डबा कितीही सोपा केला तरी खेळ त्यात बसत नाही.

निवृत्त_मुख्याध्यापक

रानजाई, सभेत जाण्याआधी एक सांगतो. नुसतं "सुट्टी वाढवा" असं म्हटलं की शाळा "बघू" म्हणते. हिशेबनीस यांचं वेळापत्रक एका कागदावर तयार करून न्या, आताचं आणि सुचवलेलं शेजारी शेजारी. सही करणारे पालक दहा असले तरी चालतील, पण शिक्षकांपैकी दोघी-तिघींशी आधी बोला. त्यांना बसून जेवायला मिळणार आहे हे कळलं की त्या तुमच्या बाजूने बोलतील. आणि एकदम कायमचं मागू नका. "पहिली-दुसरीपुरतं, एक सत्र करून बघू" एवढंच मागा. शाळा अनुदानित असेल तर शाळा व्यवस्थापन समितीकडेही अर्ज द्या, तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. विनाअनुदानित असेल तर पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीकडे.

रानजाई

सर, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. सभा काल झाली.

तीन बाई आमच्या बाजूने बोलल्या. तासिका 32 मिनिटांची करायला मुख्याध्यापिका तयार झाल्या नाहीत, 33 ला झाल्या. म्हणजे सोळा मिनिटं सुटली. छोटी सुट्टी आता पंधरा मिनिटांची आणि मोठी 31 मिनिटांची, फक्त पहिली आणि दुसरीसाठी, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत. दोन्ही वर्गांची मोठी सुट्टी इतरांच्या दहा मिनिटं आधी सुरू होईल. आधी खेळ मग जेवण, हे मात्र मान्य झालं नाही. उन्हातून आल्यावर मुलं जेवणार नाहीत, नुसतं पाणी पितील, असं त्यांचं म्हणणं. गृहपाठासाठी सुट्टीत बसवायचं नाही, हे लगेच मान्य झालं. पाण्याच्या घंटेचं नंतर बघू म्हणाल्या, मी पुन्हा विचारणार आहे.

आता त्यांनी आम्हालाच एक प्रश्न दिलाय. जून ते सप्टेंबर पटांगणात पाणी असतं, शेवाळ धरतं. तेव्हा दोन वर्गांची ऐंशी-नव्वद मुलं मोठ्या सुट्टीत कुठे खेळवायची? सभागृह एकच आणि तिथे नाचाची तासिका असते. कोणाच्या शाळेत काय करतात?

शाळाबाई

आम्ही वऱ्हांडे वाटून घेतो. एका वऱ्हांड्यात लंगडीचे चौकोन रंगवून घेतलेत, दुसऱ्यात दोरीउड्या. वर्गातले बाक भिंतीला लावून मधोमध काचापाणी आणि सागरगोटे. पळापळ चालत नाही, पण लंगडीने दम लागतो. पाऊस थांबला की पटांगणाचा जो भाग कोरडा असेल तिथे पाच मिनिटं तरी नेते. शेवाळ्यावर शिपाईमामा दर शनिवारी ब्लीचिंग पावडर टाकून खराट्याने घासतात, त्यासाठी मात्र त्यांच्यामागे लागावं लागतं.

सातवा_मजला

नाचाची तासिका सुट्टीच्या वेळेतून हलवता येईल का ते विचारा. आमच्याकडे जून ते सप्टेंबर सभागृह 12 ते 1 कोणालाच देत नाहीत, फक्त लहान वर्गांना.

रानजाई

दोन्ही लिहून घेतलं. नाचाच्या सरांशी सोमवारी बोलते.